ब्रेकर आला, उतरा!

बालाजी बिराजदारच्या गाडीतून उतरायला माणसाचं घर यावं लागत नाही. ब्रेकर आला की उतरायचं. पाहुणा असो, पुढारी असो की सलाईन लावून आलेला आजारी माणूस, बालाजी गाडी थांबवतो, मान मागं वळवतो आणि कंडक्टरच्या सुरात म्हणतो, "चला, हलकं व्हा."

शिरूर अनंतपाळच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात बालाजी क्लार्क आहे आणि मी गणित शिकवतो. माणूस काटेकोर. हजेरीपटावरची एक खाडाखोड त्याला खपत नाही. फक्त त्याच्या पांढऱ्या छोट्या गाडीचा विषय निघाला की डोकं ठिकाणावर राहत नाही. मोबाइलवर त्यानं जमिनीला टेकलेल्या कुठल्याशा गाडीचा व्हिडिओ बघितला आणि दुसऱ्याच रविवारी नांदेडला जाऊन स्प्रिंगा कापून आला. गाडी चार बोटं खाली बसली. मग तिला रुंद अलॉय चाकं घातली. ती चाकं गाडीच्या अंगात मावेनात. धाकट्या भावाची चप्पल घातल्यावर टाच बाहेर यावी, तशी चारी बाजूंनी बाहेर आली.

"बालाजी, ही चाकं ह्या गाडीची नाहीत," मी म्हणालो.

"नटं जुळली की सर!"

नटं जुळली होती, ऑफसेट चुकला होता. ऑफसेट म्हणजे चाक किती आत बसतं आणि किती बाहेर येतं त्याचं माप. हे मला पुढं बालाजीनंच शिकवलं, पण चाकं घेतल्यावर सहा महिन्यांनी. वळणावर टायर मडगार्डच्या पत्र्याला घासून असा हंबरडा फोडायचं की रस्त्याकडेच्या म्हशी उत्तर द्यायच्या.

गाडीत तो एकटा असला तर जमायचं. माणसं वाढली की पत्रा खाली यायचा. त्यामुळं लिफ्ट मागणाऱ्याला तो आधी वजन विचारायचा. आमच्या भरल्या अंगाच्या प्राचार्यांना तर म्हणाला, "सर, तुम्ही मधोमध बसा. एका अंगाला नगं." प्राचार्य महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

चाकं बदल म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "ऑफसेट चुकला, मान्य हाय. पण दिसायलीय कशी!"

ह्या गाडीतून बिनतक्रार फिरणारं एकच माणूस होतं, त्याची धाकटी बहीण रेणुका. वडील लवकर गेलेले, आई दिवसभर शेतात. रेणुकाचं शाळा-कॉलेज सगळं बालाजीनंच बघितलं. उदगीरला परीक्षेला तोच घेऊन जायचा. ब्रेकर दिसायच्या आत ती दार उघडून एक पाय बाहेर काढून तयार. मग गाडीपुढं जाऊन वाकायची आणि खाली बघत हातानं खुणा करायची, "ये… ये… तिरकी घे… घासली!"

तिचं लग्न ठरलं भोकरच्या गजाननशी. घरची शेती, शिवाय बी-बियाण्याचं दुकान. सगळे खूश. बालाजी मात्र स्टाफरूममध्ये माझ्याजवळ येऊन बसला.

"सर, अठ्ठावीस गुण जुळले म्हणायलेत. पण नुसती नटं जुळून काय होतंय? ऑफसेट कोण बगितला?"

लग्न शिरूरलाच लागलं. जेवणं उरकली आणि पाठवणीची वेळ आली. नवरदेवाकडची फुलं लावलेली मोठी गाडी दारात उभी असताना बालाजीनं जाहीर केलं, "नवरी माझ्या गाडीत जाईल." रडायला सुरुवात केलेल्या बायका मध्येच थांबल्या. नवरदेवाचे मामा गाडीकडं वाकून बघत म्हणाले, "चारीबी चाकं पंक्चर हाईत का हिची?"

बालाजी काही ऐकेना. शेवटी नवरा-नवरी मागं बसले आणि मी पुढं. मला त्यानं वजन बघून निवडलं होतं. बाकीचं वऱ्हाड धुरळा उडवत निघून गेलं.

गजानन म्हणाला, "दादा, आम्ही नांदेड, अहमदपूर करून आलो. रस्ता लोण्यासारखा हाय."

"तिकडं काम चालू झालंय दाजी," बालाजी म्हणाला आणि गाडी उदगीरकडं वळवली. टायर हंबरलं.

मग गावं सुरू झाली. गावागणिक दोन ब्रेकर, शाळा असली तर चार. पहिल्या ब्रेकरला गजानन बसूनच राहिला. बालाजी आरशात बघत म्हणाला, "दाजी, हलकं व्हा." तो फेटा सांभाळत उतरेपर्यंत रेणुका मुंडावळ्या कानामागं टाकून, शालूचा पदर खोचून गाडीपुढं वाकलीसुद्धा होती. "ये… ये… तिरकी घे!" पारावरची माणसं उठून उभी राहिली. एक म्हातारी काठी टेकत पुढं आली.

"माय, पळून चाललाव का?"

"न्हाई आजी, सासरी चालले."

"चालत?"

मुखेडपर्यंत गजानन ब्रेकर आला की उतरत होता, गेला की बसत होता. मुखेडच्या पुढं एक भिंतीसारखा ब्रेकर आला. तिथं त्यानं फेटा काढून माझ्या हातात दिला, गुडघे टेकले आणि गाल डांबराला लावून गाडीखाली बघितलं. "दादा, उजवं चाक आधी घ्या. दोन बोटं जागा हाय." गाडी न घासता पार झाली. मी आत बसलो तेव्हा बालाजी हळूच म्हणाला, "सर, ऑफसेट बरा हाय."

उमरीच्या अलीकडं गाडी खड्ड्यात बसली आणि मडगार्डच्या कडेनं मागचं टायर कापलं. दिवेलागणीच्या आत नवरीनं उंबरठा ओलांडायला हवा होता. गजाननच्या आईचे फोनवर फोन येऊ लागले. डिकीतून स्टेपनी काढली, ती कंपनीचीच, मूळ चाकाची. मेहुण्या-दाजींनी मिळून बसवली. ते चाक गुपचूप आत बसलं, कुठं म्हणून घासेना.

गजानन अदबीनं म्हणाला, "दादा, चारीबी अशीच घातली तर?"

रेणुका सकाळपासून रडली नव्हती. ती इतकी हसली, इतकी हसली की काजळ गालावर आलं, आणि मग ते हसू आहे की दुसरं काही, मला सांगता येईना. बालाजीही हसला. मग पाठ फिरवून जॅक पुसत बसला. जॅकला काही लागलेलं नव्हतं.

भोकरला पोचलो तेव्हा घराघरांत दिवे लागत होते. वऱ्हाड येऊन तीन तास झाले होते. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, रेणुकानं पायानं माप लवंडलं आणि ती आत गेली. बालाजीला तीनदा हाक मारली तेव्हा कुठं तो आला. "टायर बगायलो होतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिथंच टायर बदललं आणि आम्ही दोघं परत निघालो. ह्या वेळी त्यानं गाडी सरळ नांदेडकडं घेतली. नांदेड मागं पडलं, लोहा गेलं. रस्ता खरोखरच लोण्यासारखा होता. काम सोडा, रस्त्याकडेला एक घमेलंसुद्धा दिसेना. अहमदपूर आलं तेव्हा मला राहवलं नाही.

"बालाजी, काम कुठं चालू आहे?"

"न्हाई चालू."

"मग काल त्या रस्त्यानं कशाला नेलंस? अख्खा दिवस मोडला. पोरगी शालू खोचून ब्रेकरा-ब्रेकराला उतरत गेली."

चाकूर आलं. फाट्यावर गाडी वळवताना त्यानं काच खाली केली, बाहेर बघितलं, पुन्हा वर केली.

"ह्या रस्त्यानं तीन तासांतच पोचलो असतो सर," तो म्हणाला.