मोहाच्या सरबताची मंडळमान्य कृती

"यंदाही लिंबू सरबतच पाजतील गं," मंडळाच्या सभेत माझ्या मागच्या खुर्चीवर कमलबाई पुटपुटल्या, "आणि लिंबू नुसतं वरून दाखवतील."

कोणत्याही समाजाची उंची त्याच्या उन्हाळी पेयावरून ठरते. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की उंची ठरवायला दुसरं काही उरतही नाही. हे ओळखून आमच्या कॉलनीच्या आरोग्यवर्धिनी महिला मंडळाने सात जणींची उन्हाळी पेय उपसमिती नेमली. (त्यातल्या दोघींचा एकमेकींशी सहा वर्षं अबोला होता, त्यामुळे कामकाज झपाट्याने झालं.)

मुळात मंडळाचा लौकिकच पेयामुळे आहे. तीन वर्षांपूर्वी मंडळाने चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर दारूबंदीची फेरी काढली आणि एकवीस मडकी फोडली. त्यातली चौदा पाण्याची होती असं मागाहून कळलं, पण तोवर फोटो छापून आला होता. तेव्हापासून दारूच्या विषयात आमच्या मंडळाचा शब्द शेवटचा मानतात.

म्हणूनच त्याच पाड्यावरची जमना मंडळाकडे आली. तिला एक पत्र हवं होतं. मोहाची फुलं वेचायची, वाळवायची आणि बाजारात विकायची हा तिचा उन्हाळा. लोक ती भाकरीत घालतात, लाडवात घालतात. पण पोतं एसटीत चढवलं की वाटेत नाक्यावर कुणीतरी वास घेतो आणि पोतं खाली उतरवतो. मोह म्हणजे दारूच, असा एक समज पसरलेला आहे. (तो पसरवण्याचं बरंचसं श्रेय आमच्या फेरीला द्यावं लागेल.) 'हे फूल खाण्याचं आहे' एवढं मंडळाने शिक्क्यासह लिहून दिलं तर तिचं पोतं बाजारापर्यंत पोचणार होतं. तेही पाऊस पडायच्या आत, कारण मोहाला ओल लागली की वर्षाची मेहनत वाया.

मंडळ असं तपासल्याशिवाय पत्र देत नाही. नेमकं त्याच बैठकीत अध्यक्ष सायरबाईंच्या नातसुनेने, आयुषीने, मोबाइलवर 'फुलांच्या पाकाचं गारेगार कॉकटेल' दाखवलं. या शब्दावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. कॉकटेल म्हणजे फक्त मिश्रण, असं आयुषीचं म्हणणं. मग मिश्रणच म्हणू, असं सायरबाईंचं. शेवटी रजिस्टरात 'मिश्रपेय' लिहिलं गेलं आणि सगळ्यांची अब्रू राहिली. फूल मोहाचं घ्यायचं ठरलं, म्हणजे तपासणीही होईल आणि उन्हाळाही निभावेल.

जमनाने सांगितलेली कृती अशी: फुलं निवडायची, धुवायची, पाण्यात चांगली उकळायची, गाळायची. पाक त्याच दिवशी वापरायचा. त्यात लिंबू, पुदिना, भाजलेलं जिरं, बर्फ.

उपसमितीला ही कृती फार सोपी वाटली. एवढ्या सोप्या कृतीला सात जणी कशाला, असा प्रश्न कुणीही विचारला असता. तेव्हा सचिव उषाताईंनी सुधारणा सुचवली. गुलाबाचा गुलकंद आपण उकळतो का? उन्हातच ठेवतो ना? पापड, कुरडया, बिबड्या, लोणचं, आपल्याकडे जे जे गच्चीवर गेलं ते ते सुधारून खाली आलं. मोहानेच काय घोडं मारलंय?

बिनतोड होतं. उकळणं रद्द झालं. फुलं पाण्यात भिजवली, त्यात जमनाने न सांगितलेला दोन किलो गूळ घातला आणि दोन मोठ्या बरण्या तोंडाला मलमलीचं फडकं बांधून उषाताईंच्या गच्चीवर दहा दिवस ठेवल्या. रोज निरीक्षण होई. नोंदी मी स्वतः वाचल्या आहेत:

तिसरा दिवस: बुडबुडे. औषधी अंश मोकळा होत आहे.

पाचवा दिवस: फेस. फडकं फुगलं. पेयात जीव आहे.

सातवा दिवस: कावळे कुरडया सोडून बरणीपाशी बसतात आणि भांडत नाहीत. पेय नैसर्गिक असल्याची खूण.

दहावा दिवस: वास येतो. (कशाचा, हा रकाना कोरा आहे.)

शनिवारी चार वाजता चाचणी बैठक भरली. उपस्थिती तेवीस. जमनालाही पत्रासाठी बोलावलं होतं. काचेच्या पेल्यांत पुदिन्याची पानं, कडेला मीठ, वर मोहाचं एकेक फूल. दिसायला अगदी आयुषीच्या मोबाइलमधल्यासारखं. सायरबाई रात्र उलटलेलं काही घेत नाहीत, त्यांचा नेम आहे. त्या आपलं उकळून गार केलेलं पाणी घेऊन बसल्या.

पहिल्या पेल्यानंतर एकोणीस जणींनी 'गार वाटतं' असा अभिप्राय दिला. दुसऱ्यानंतर बावीस जणींनी 'आतून गरम वाटतं' असा दिला. तिसऱ्यानंतर अभिप्राय कुणी मागितले नाहीत. अबोला धरलेल्या दोघी सहा वर्षांपूर्वी उसन्या नेलेल्या, मांडे भाजायच्या खापरावरून गळ्यात गळा घालून रडल्या. कमलबाईंनी आभारप्रदर्शन केलं, दोनदा, आणि मध्ये हळदीचं एक गाणं म्हटलं. उषाताई इतिवृत्त वाचायला उठल्या, पण 'मागील सभा' या शब्दांपाशी त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना.

कारणं लगेच पुढे आली. ऊन फार. पोटात काही नव्हतं. पित्त. पंखा हळू फिरतो. कुणी म्हणालं पेयात जोर आहे, कुणी म्हणालं तेज आहे, कुणी म्हणालं मोह जातीचाच उष्ण. शब्दांची काही कमी नव्हती. एक तेवढा सोडून सगळे वापरून झाले.

मग आयुषीनेच हळूच विचारलं, हे बाहेर कळलं तर? सभागृह एकदम गंभीर झालं (कमलबाई सोडून). उषाताईंनी भिंतीला धरून ठराव मांडला: फुलातच दोष आढळला आहे. सबब जमनाला पत्र देऊ नये, उलट मोहाचं पोतं दिसताच जप्त करावं असं मंडळाच्या शिक्क्याने नाक्याला कळवावं. यात कुणाबद्दल आकस नाही, मंडळाच्या नावाचा प्रश्न आहे. फूल काही बोलायला येत नाही. हात वर झाले. कमलबाईंचे दोन्ही झाले, ते दोन धरले. माझाही होता.

जमना दोन वाजताच्या एसटीने आली होती आणि तेव्हापासून दाराशी उभी होती. ती सभासद नसल्यामुळे तिला पेला नव्हता आणि खुर्चीचा विषय अजेंड्यावर नव्हता. हे मी आतापर्यंत सांगितलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. बरणीत काय झालंय ते तुम्हाला पाचव्या दिवशीच कळलं होतं आणि तुम्ही मजेत वाचत राहिलात, तेव्हा मोजणीत तुमचाही हात धरला आहे. ठराव एकमताने संमत.

सायरबाईंनी शिक्का शाईवर टेकवला, पण कागदावर काही टेकवला नाही. त्या आमच्या बावीस तोंडांकडे एकेक करून बघत राहिल्या. मग दाराकडे वळून म्हणाल्या, "जमना, इकडे ये. यांच्यातली एकही सांगत नाही. हे काय आहे, तू सांग."

जमना पुढे आली. बरणीचं फडकं सोडलं, वाकून वास घेतला.

"फूल मी गोड दिधं व्हतं, अक्का," ती म्हणाली. "ही दारू शे. ती तुम्ही करी. आन् आमनापेक्षा कडक करी."