अर्बाबचे मोर आणि माझी अरबी

त्या दिवशी अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, फोन मी स्वतः घ्यायचं ठरवलं. एरवी फोन वाजला की तो मी बायकोच्या, बिलकीसच्या, हातात देतो. ती अर्बाबच्या घरी स्वयंपाक करते, तिथल्या बायकांत बसून अरबी शिकली. पण ओमानमधल्या बरक्याच्या या बागेत माझे केस पिकले. मला अरबी येत नाही, असं म्हणायचं कुणाला कारण नाही. (कुणी म्हणत नव्हतं. बिलकीस म्हणत होती.)

बागेत मोराचा एक जोडा माझ्या हवाली आहे. मोर पाळणं अवघड नाही. वर जाळी, खाली कोरडी वाळू, बसायला उंच दांडा. दाणापाणी भरून ठेवायचं आणि त्यांच्या वाटेला जायचं नाही. पण लांडोर अंडं देईना. या मोसमात अंडी नाहीत तर जोडा विकू, असं अर्बाब म्हणाला होता. मला पाखरांचा लळा वगैरे नाही. (सकाळी हातावर दाणे भरवतो, ते वाया जाऊ नयेत म्हणून.)

फोनवर अर्बाब भराभर बोलला. मला नेमकं तेवढं कळलं. ताऊस, म्हणजे मोर. बुकरा, म्हणजे उद्या. पिकअप. आणि खलास.

"जोडा चालला," मी बिलकीसला म्हणालो. "मोर खलास. उद्या पिकअप येतेय."

"मी इचारू का फोन करून?"

"मला अरबी कळते."

"कळते तं! मागं त्यांनी दही मागितलं नि तुमी कुदळ नेलीत."

"गप. चादर दे."

चादर टाकून दोन्ही पाखरं धरली आणि आमच्या खोलीत कोंडली. जाळी फाटली, मोर उडाले, असं सांगणार होतो. जाळी मीच फाडली. (नवी होती.)

मोराला कपाटाच्या आरशात दुसरा मोर दिसला. आरसा गेला. मग त्याने पिसारा फुलवला. कपबश्या गेल्या. लांडोर माझ्या गादीवर चढून बसली. आम्ही दोघं बाहेर ओट्यावर.

"या वयात सवत आणलीत," बिलकीस म्हणाली, "ती पण पिसांची."

सकाळी पिकअप आली. मागे खजुराची दोन रोपं, पुढे खुद्द अर्बाब. रोपांवर थाप मारून तो माझं नाव घेऊन ओरडला, "बदर! खलास!"

बिलकीसने त्याचं पुढचं बोलणं ऐकलं आणि ओढणी तोंडाला लावली. "अवो, खलास ही खजुराची जात! मोरांना सावली व्हावी म्हणून जाळीत लावायची हायत!"

अर्बाब फाटक्या जाळीकडे बघत होता. मोर कुठे, त्याने विचारलं.

"उडाले," मी म्हणालो. ठरवलेलं उत्तर मी बदलत नाही.

तेवढ्यात खोलीतून मोर केकाटला.

अर्बाबने दार उघडलं. आरसा बघितला, मला बघितलं. मग गादीकडे नजर गेली आणि चेहरा खुलला. लांडोरीच्या पोटाखाली अंडं होतं! जोडा विकायची गोष्ट तिथेच मिटली. मी छाती पुढे काढली.

अर्बाबने बिलकीसला काहीतरी बजावलं. तिने मला सांगितलं, "तिला हलवायचं नाय. हितंच घालेल, हितंच उबवेल. खोलीत माणसाचा त्रास नको." (मलाही तसंच कळलं होतं.)

मोराला परत जाळीत सोडलं, जाळी मी शिवली. आता मीही जाळीतच झोपतो, मोराच्या दांड्याखाली, डोक्यावर टॉवेल घेऊन. वाळू मऊ आहे, वारा लागतो. तक्रार नाही.

बिलकीस मात्र खोलीतच झोपते. माणसाचा त्रास नको ना, मग तू कशी, असं मी दरडावून विचारलं.

"तिला माझा त्रास नाय," ती म्हणाली. "आणि मला तिचा नाय. घोरत नाय बिचारी."