गड घुशीनं पडला

एका जंगलात एक डोंगर होता. डोंगरावर गड होता. गडावर मात्र आता फारसं काही नव्हतं. एक बुरूज, एक पाण्याचं टाकं आणि भरपूर निवडुंग.

शेजारच्या जंगलाने आपल्या गडाचा इतिहास लिहून काढला. मग वाघोबा महाराजांनाही तो हवासा वाटला. कोल्हे पंडित इतिहासकार झाले आणि हुकूम सुटला, "गड कुणामुळे पडला ते शोधा. त्याचं अख्खं कूळ जंगलाबाहेर काढू."

हे ऐकून चंपूताईंनी आपल्या बिळाचं तोंड पाल्यानं झाकून टाकलं. बाळांनो, चंपूताई म्हणजे घूस. उंदराची थोरली बहीणच म्हणा ना. बुरुजाखाली त्यांचं बीळ होतं, बिळात नऊ पिल्लं होती. गडाचा पाया त्यांच्या खापरपणजीनं पोखरला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

साक्षीला टाक्यातलं तीनशे वर्षांचं कासव आलं, धोंडूआजोबा. ते म्हणाले, "मी डोळ्यांनी पाहिलंय. गड घुशीनं पडला."

चंपूताईंनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे फितुरी," कोल्हे पंडित म्हणाले. "घूस दिली गेली."

मोठी माणसं लाचेलाही घूस म्हणतात, बाळांनो. का, ते मोठे झालात की कळेल.

"दिली नाही रे, शिरली. पार पायापर्यंत," आजोबा म्हणाले.

"लिहून घ्या, पायापर्यंत घूस. पहाऱ्यावर तरसं होती. तेव्हा खाल्ली ती त्यांनीच."

"घूस कोण खाईल बाबा," आजोबा पुटपुटले. पण साक्ष संपली होती.

म्हातारं तरस नातवंडं गोळा करू लागलं. ते काही चंपूताईंना बघवेना. त्या पुढे येऊन उभ्या राहिल्या.

"महाराज, तरसांचा काही दोष नाही. घूस मी आहे. गड आमच्याच घराण्यानं पाडला."

महाराजांचे डोळे भरून आले. "बघा, दुसऱ्याचं पाप ही बाई आपल्या माथी घेतेय."

"अहो, खरंच सांगते मी."

"पुरे तो विनय, ताई. तरसांना माफ केलं. पुढची चौकशी तुम्हीच करा. खोलवर जा. अगदी मुळाशी जा."

राजाचा हुकूम मोडायचा कसा? नऊही पिल्लांना मदतीला घेऊन चंपूताई मुळाशी गेल्या. आठव्या दिवशी शेवटचा बुरूजही इतिहासजमा झाला.

तात्पर्य: नेहमी खरे बोलावे. ते आपल्या अंगाशी येणार नाही, याची काळजी ऐकणारे घेतात.