दुखरं मनगट आणि नसती अदब

"मनगट दुखतं ते कामचुकारांचं!" असं मी ऑफिसात चारचौघांत ठणकावून सांगायचो. मी प्यो दोक-सू, सोलमधल्या एका कंपनीत टीम लीडर. दिवसभर माउस बडवायचा आणि कण्हणाऱ्यांची टर उडवायची, हा माझा खाक्या. आणि एका सोमवारी माझ्याच अंगठ्यापासून कोपरापर्यंत अशी कळ गेली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले!

"अहो, डॉक्टरकडे जा," बायको म्हणाली. "बोटांना मुंग्या येताहेत, हे साधं दुखणं नाही."

"आणि ऑफिसात कळलं तर? तिथे माणसं कमी करायचं चाललंय! पन्नाशीला टेकलेला, त्यात हात अधू. पहिला नारळ मलाच मिळेल!"

तेव्हा ठरवलं, दुखणं लपवायचं. त्यात काय अवघड?

दुसऱ्या दिवशी सकाळीच ग्यु-रीला, आमच्या टीममधल्या सगळ्यांत नव्या मुलीला, फाइल द्यायला गेलो. हातातलं बळच गेलं. फाइल पडू नये म्हणून मी डाव्या हाताने उजवं मनगट गच्च धरलं.

आता, मोठ्यांना काही देताना असं मनगट धरायचं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण साहेबाने हाताखालच्या मुलीपुढे एवढी अदब? ग्यु-री ताडकन उभी राहिली.

"साहेब, माझं काही चुकलं का?"

"छे, छे! काही नाही," मी कळ सोसत, दात आवळून, पण जमेल तितकं गोड बोललो. ती आणखीच पांढरी पडली.

जेवताना मी धाकट्यांच्या पेल्यांत पाणी ओतलं. पुन्हा मनगट धरून! तिघं घास तोंडात तसाच ठेवून अर्धवट उठले. माझा डेप्युटी गी-ते कानाशी लागला, "साहेब, खरं सांगा. चाललात ना तुम्ही?"

"कुठे?"

"कळतं हो आम्हाला. जाता जाता माणूस असाच मऊ होतो."

मी हसून उडवून लावलं, पण मनात आलं, याला आतली बातमी तर लागली नाही? संध्याकाळपर्यंत टेबलावर तीन लोकांनी खाऊ आणून ठेवला. चौथा घुटमळत म्हणाला, "साहेब, तुमची खिडकीजवळची जागा मला मिळेल का?" मेल्या, मी अजून बसलोय की तिथे!

तेवढ्यात डायरेक्टर ह्योन साहेबांचं बोलावणं आलं. मुलीचं कॉलेज अजून व्हायचंय, आता बायकोला काय तोंड दाखवू?

ह्योन साहेबांनी टॉनिकची छोटी बाटली माझ्यापुढे धरली. डाव्या हाताने उजवं मनगट धरून! डायरेक्टर, आणि मला एवढा मान देतात? म्हणजे हा निरोपच! संपलं सगळं! माझा बांधच फुटला.

"साहेब, काढू नका मला! मनगट दुखतंय, पण मी डाव्या हाताने टाइप करीन!"

"काढतंय कोण तुला?" साहेब चक्रावले. "तूच सोडून चाललायस असं बाहेर ऐकलं, म्हणून थांबवायला बोलावलं."

"मग तुम्ही मनगट का धरलंय?"

साहेबांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "दुखतंय रे! वर्षानुवर्षं लपवलं, आता ऑपरेशनवर आलंय. तू तरी वेळेत दाखव. माउस जवळ घे, मनगट वाकडं ठेवू नकोस, मधूनमधून हात मोकळा सोड. आणि बाहेर बोलू नकोस!"

इतका हलका झालो, की तिथेच बसकण मारली. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठला. मनगटाला पट्टा बांधला, खुर्ची उंच केली, माउसला बडवणं सोडलं. हळूहळू हात पूर्ण बरा झाला.

पट्टा काढला त्या दिवशी ऐटीत, एका हाताने ग्यु-रीपुढे फाइल टाकली. पाठ वळते न वळते तोच मागून गी-तेचा आवाज आला, "बघा! नोकरी टिकली, की लगेच जुना माज परत! सुंभ जळला तरी पीळ जात नाही!"

पुढची फाइल मी मुकाट्याने मनगट धरून दिली.

"अगंबाई! साहेब, परत दुखतंय का हो?" ग्यु-रीने काळजीने विचारलं.

"हो ना," मी कण्हत म्हणालो, "फार!"