उबेची वहिवाट

मेविसच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं आहे, हे क्लेमेंट हॉलरॉइड यांना रोज सकाळी चहाच्या वेळी आठवत असे. पत्र घड्याळामागे उभं होतं. बहिणीने ते सप्टेंबरात लिहिलं होतं. समुद्रकाठची तिची भाड्याची खोली मालक विकत होता, नाताळपर्यंत जागा सोडायची होती, तेव्हा तुझ्याकडे राहायला येऊ का? शेवटी एकच प्रश्न होता. ‘माझे सांधे तुला माहीत आहेत. खरं सांग, तुझी वरची खोली उबदार आहे का?’

वरची खोली उबदार नव्हती. यॉर्कशरमधल्या त्या टेकडीवर सात दगडी घरांची एक जुनी ओळ होती आणि क्लेमेंट यांचं घर बरोबर मधलं. हिवाळ्यात वरच्या खोलीत गरम पाण्याचा रेडिएटर असूनही तिथे ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर दुधावर साय धरावी तसा बर्फ धरे. ‘हो’ लिहावं तर ते खोटं, ‘नाही’ लिहावं तर बहीण रस्त्यावर. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य गेलेल्या माणसाने अशा वेळी जे करावं तेच त्यांनी केलं. विषयाचा अभ्यास सुरू केला.

घरातली ऊब छतातून वर निघून जाते, यावर सगळ्या पुस्तकांचं एकमत होतं. पोटमाळ्यावर जाड थर अंथरला की प्रश्न मिटला. मात्र थर कसला, यावर पुस्तकांचं आपसांत पटत नव्हतं. काचेची लोकर स्वस्त, पण अंगाला खाज सुटते. फवारला की फुगणारा फेस भरपूर ऊब राखतो, पण त्याच्याआड वासे कुजले तरी दिसत नाहीत. वर्तमानपत्रांचा भुगा जुन्या घराला मानवतो म्हणे, पण छापलेल्या मजकुराचा भुगा ही कल्पनाच ग्रंथपालाला सोसवेना. ऑक्टोबर संपता संपता ते मेंढीच्या लोकरीवर येऊन थांबले. जुनं घर श्वास घेतं आणि लोकर त्याला तो घेऊ देते, असं त्यांना पटलं. तोवर ते पोटमाळा या विषयातले गावातले सर्वांत जाणकार गृहस्थ झाले होते आणि दोन स्वेटर घालून झोपत होते.

लोकरीला नगरपालिकेचं अनुदान होतं. अनुदानासाठी तपासणी होती. तपासणीला उष्णता-बचत कक्षाचे मिस्टर ग्लेडहिल आले, शिडीने माळ्यावर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत. उतरले ते ओळीच्या टोकाच्या घरातून.

“मिस्टर हॉलरॉइड, तुमच्या माळ्याला मधल्या भिंतीच नाहीत,” ते म्हणाले. “बांधणाऱ्याने दगड वाचवलाय. सातही घरांचा माळा एकच. तुमची ऊब सगळ्यांकडे जाते.”

“माफ करा,” क्लेमेंट म्हणाले.

“छे, माफी कसली? पण आता ती बंद करायची म्हणजे बाधित पक्षांना कळवावं लागणार.”

दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला, पावसाने भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालून, नोटीस बांधली गेली. तीत क्लेमेंट यांचा उल्लेख ‘उष्णता रोखू इच्छिणारा इसम’ असा होता.

शेजारची डोरीन स्पिंक संध्याकाळी आल्याचा केक घेऊन आली. तिने आधी हवामानाची तक्रार केली, मग क्लेमेंट यांच्या खोकल्याची चौकशी केली आणि मगच माळ्याच्या विषयावर आली. तिकडे तिच्या घरगुती वाइनच्या बाटल्या आंबत असत. टोकाच्या घरातले म्हातारबुवा वर बनियन वाळवत. पलीकडच्या घरची टोमॅटोची रोपंही वरच होती.

“अरे क्लेमेंट, तीस वर्षं माझी वाइन तुझ्या उबेवर मुरतेय. कधी एका शब्दाने बोललास?”

“मला माहीतच नव्हतं.”

“तेच म्हणते मी. माहीत नव्हतं तेव्हा तुझं काही अडलं नाही. मग आताच काय अडतंय?”

क्लेमेंट यांनी मेविसच्या सांध्यांबद्दल सांगितलं. डोरीन हळहळली, सांध्यांसारखं वाईट दुखणं नाही म्हणाली आणि पर्समधून हरकतीचा अर्ज काढला. खिडकीत वीस वर्षं उजेड येत राहिला तर तो शेजाऱ्याला कायद्याने अडवता येत नाही, मग उबेनेच काय घोडं मारलंय, असा अर्जाचा आशय होता. खाली सहा घरांच्या सह्या होत्या. सातवी जागा रिकामी होती.

“ती तशीच राहिली तर बरं नाही दिसत रे,” डोरीन म्हणाली. “लोकांना वाटायचं, आपल्या ओळीत फूट पडलीय.”

केक खाऊन झाला होता. क्लेमेंट यांनी सही केली.

डिसेंबरात सुनावणी झाली. खुद्द अर्जदारानेच हरकत घेतल्यामुळे तिला विशेष वजन आलं. ओळीतल्या घरांना उबेच्या वहिवाटीचा हक्क मिळाला. पण लोकर किती माळ्यांवर अंथरली याचा आकडा पालिकेलाही वर सरकारला दाखवायचा होता, म्हणून तीही मंजूर झाली. अट एवढीच, की लोकरीमुळे जितकी ऊब अडेल तितकी अर्जदाराने माळ्यावर स्वतंत्रपणे पुरवावी.

त्यासाठी वर रेडिएटर बसवायचा ठरला. आपला बॉयलर जुना आहे, त्याला आणखी एक पेलणार नाही, असं क्लेमेंट यांनी भीत भीत सांगितलं.

“म्हणून तर वरच्या खोलीतला काढून माळ्यावर न्यायचाय,” ग्लेडहिल समजुतीच्या सुरात म्हणाले. “खोलीला लोकर मिळतेच आहे की.”

लोकर उत्तम निघाली. माळ्यावरची ऊब तिने खोलीत जराही उतरू दिली नाही. खोलीच्या काचेवर आतून बर्फ जमला आणि वर टोमॅटोला फुलं आली.

“मग माझ्या बहिणीने राहायचं कुठे?” क्लेमेंट यांनी विचारलं. या वेळी ते ऐकू येईल इतक्या मोठ्याने बोलले.

ग्लेडहिल यांनी खरोखर विचार केला. “माळ्यावर. माणूससुद्धा उष्णता देतोच की. त्या वर राहिल्या तर रेडिएटर थोडा कमी करायला कक्ष हरकत घेणार नाही. फक्त पांघरूण नको. पांघरुणात उष्णता अडते, त्याची परवानगी वेगळी.”

त्या दुपारी क्लेमेंट यांनी घड्याळामागचं पत्र काढलं आणि उत्तर लिहिलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. ‘प्रिय मेविस, ये. घरातली सगळ्यात उबदार जागा तुझी आहे. शिडी मी धरीन.’

लाल टपालपेटीपाशी डोरीन भेटली. मेविस माळ्यावर राहायला येणार म्हटल्यावर तिला मनापासून आनंद झाला.

“अंगाने कशी आहे रे?”

“बारीकच आहे.”

“मग लिही की, चार दिवस नीट खाऊन-पिऊन ये म्हणावं.”

क्लेमेंट यांनी पाकीट उघडलं, पेटीवर कागद टेकवून तेवढी ओळ वाढवली. डोरीन काही वाईट बाई नाही. आपले पाय उबदार असले की ऊब कोणाच्या छतातून येते हे तिच्यासारखं आपणही विचारत नाही, कारण विचारलं की कुठल्या तरी पत्राला उत्तर देणं भाग पडतं. क्लेमेंट यांनी पाकीट पुन्हा चिकटवलं आणि पेटीत टाकलं.