सुवर्णबिंदूवरचं बाळ

नकाशा कार्यालयातली धाकटी नकाशाकार बाळंतपणाच्या रजेवरून परत आली आणि तिने एकच मागणी केली. दुपारी सासूबाई बाळाला घेऊन येतात, तेव्हा त्याला पाजायला दार लागणारी एक खोली हवी. जुन्या नकाशांची अडगळीची खोली रिकामीच होती. मागणी रास्त असल्यामुळे तिच्यावर विचार सुरू झाला.

नेमका त्याच सकाळी साहेबांच्या फोनवर एक व्हिडिओ आला. मक्का शहर म्हणे दोन्ही ध्रुवांमधलं अंतर सुवर्ण गुणोत्तरात, म्हणजे १.६१८ ला १ असं, विभागतं; म्हणून तो पृथ्वीचा सुवर्णबिंदू. साहेब भारावले.

"त्याच अक्षांशावर आणखी कितीतरी गावं आहेत, साहेब," ती म्हणाली.

"त्यांनी अजून मोजलं नसेल."

कोपऱ्यातल्या टेबलावर हाजीकाका खाकरले. "मी जाऊन आलोय तिकडे. गर्दीत माझी चप्पल गेली, तर एका अनोळखी माणसाने पायातली काढून दिली. ढसाढसा रडलो मी. मोजायची टेप मात्र कुणाकडेच दिसली नाही."

"म्हणून तर तुम्हाला खरं महत्त्व कळलं नाही, काका!"

साहेबांनी निर्णय दिला. बाळ ही महत्त्वाची बाब, आणि महत्त्वाची बाब सुवर्णबिंदूवरच हवी. अडगळीची खोली गणितात बसेना. पूर्वेच्या भिंतीपासून मोजलं, तर बिंदू थेट साहेबांच्या खुर्चीवर पडला. "भिंत चुकीची धरलीत," साहेब म्हणाले. पश्चिमेकडून मोजल्यावर तो जिन्याच्या वळणावर आला. सृष्टीची ही योजना पाहून सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

ती वळणावर स्टूल टाकून बसू लागली. ओढणीआड बाळ, आणि येणारे-जाणारे तिच्या गुडघ्यांना घासून वर-खाली. "नशीबवान हो लेकरू!" म्हणत चहावाला किटली तिच्या डोक्यावरून न्यायचा.

"नशीब जरा दोन पायऱ्या खाली सरकवा म्हणावं," सासूबाई पुटपुटल्या. "इथे वारा फार लागतो."

बातमी फुटली. बाहेरचे लोक बिंदूवर उभं राहायला येऊ लागले. कुणी परीक्षेसाठी, कुणी सांधेदुखीसाठी. साहेबांनी दोरी बांधली, चपला काढायला लावल्या, 'शांतता राखा' अशी पाटी ठोकली. एके दुपारी बाळ रडलं. त्याला नुसती भूक लागली होती. पण रांगेत नाराजी पसरली.

साहेब व्यथित होऊन आले. "ताई, मनाला लावून घेऊ नका. पण ही जागा आता बाळासाठी जरा... फारच महत्त्वाची झालीय."

"मग ती अडगळीची खोली तरी द्या."

"तिथे भाविकांच्या चपला ठेवतोय ना!"

ती बाळाला घेऊन खाली उतरली. फाटकाच्या भिंतीशी सासूबाईंनी पदर पसरून आडोसा धरला. बाळ पोटभर प्यायलं, आईचं बोट मुठीत घट्ट धरून झोपी गेलं.

वर रांग पुढे सरकली आणि तुमचा नंबर आला. तुम्ही डोळे मिटून, हात जोडून उभे राहिलात. मघाशी बाळ रडलं, तेव्हा पहिलं 'श्श' तुमचंच होतं.