गमबूट, माय आणि खळ्यातली सोयाबीन

वीज माझं काहीही वाकडं करू शकत नाही! हे मी वाटूरच्या फाट्यावर, हातात चहा घेऊन, चार माणसांदेखत जाहीर केलं होतं. कारण? पायात नवेकोरे गमबूट. रबर! लाइनमन काय हौस म्हणून घालतो?

त्याच दुपारी परतीचा पाऊस अंगावर आला. मळणी झालेली सोयाबीन खळ्यात उघडी पसरलेली. आमचं अख्खं वर्ष! ताडपत्री ओढायची, दहा मिनिटांचं काम. मी बूट चढवून धावलो, तर खळ्याच्या कडेला माय, साळूबाई, हात आडवे करून उभी!

"बद्री, पायातलं काढ."

"माय, इजा चमकून राह्यल्या!"

"म्हून लक्ष्मीवर बूट घेऊन नाचतो? तुह्या बापानं खळ्यात कधी चप्पल न्हाई नेली."

"बापाच्या टायमाला..."

धडाड!

"...गमबूट नव्हते!"

"काढ."

"बिलकुल न्हाई!"

"मंग राह्य उभा."

राहिलो! मोकळ्या रानात, छाती काढून, विजेला पत्ता विचारावा लागू नये असा.

खळ्यापलीकडच्या पक्क्या खोलीतून माझी लेक आकांक्षा ओरडली, "पप्पा, कोसभर हवा फाडून येणाऱ्या विजेला तुमचं बोटभर रबर अडवणार? दोघंही आत या, जल्दी!"

"तू गप! तुझं कॉलेजचं पहिलंच वर्ष!"

"आजी, तू तरी ये!"

"आधी त्याला बूट काढू दे."

"आधी तिला बाजूला होऊ दे!"

थेंब. टपोरे. मग सरच. ताडपत्री घडीत, आम्ही हट्टात. आणि बांधावरच्या बाभळीवर...

.

(इथं मला काही आठवत नाही.)

.

मी पळालो नाही. दिशा बदलली! खोलीचा जवळचा रस्ता खळ्यातून जातो, यात माझा काय दोष? मी बुटांसकट सोयाबीन तुडवत आत. आणि माझ्या मागोमाग, चपलांसकट, माय!

दोघांनी एकमेकांच्या पायांकडे पाहिलं. आकांक्षा तेवढी हसत होती.

चार दिवस झड लागली. ऊन पडलं तेव्हा आमच्या पावलांच्या ठशांत सोयाबीनला हिरवेगार मोड! माय गावभर सांगते, बुटाच्या ठशात जास्त आलेत.

सपशेल खोटं! चपलेच्या ठशात जास्त आहेत. मी रोज खळ्यात जाऊन बघतो.

अनवाणी.